मांडून ठेवलेला पाट

आमचे गिटारचे मास्तर माणसाला पायांवरून ओळखत. चप्पल कुठल्या बाजूनं झिजली आहे, चालताना टाच आधी टेकते की चवडा, एवढं त्यांना पुरे व्हायचं. मी त्यांच्या ओसरीची पायरी चढले की मान वर न करता म्हणायचे, "ये बाय. आज शाळेत कुणाला तरी मारलंस तू. टाच आपटत आलीस." आणि मारलेलं असायचं.

मी तेव्हा नगरला मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवत होते. लग्न जमत नव्हतं. माझ्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता आणि त्या चष्म्यापायी आलेली स्थळं चहा पिऊन परत जात होती. आमच्या ख्रिस्ती समाजात मुलगी शिकली म्हणजे कौतुक व्हायचं, पण शिकून तिचे डोळे गेले की पंचाईत. ओळखीची कुठलीही बाई भेटली की आधी चष्म्याची चौकशी करायची, मग माझी. एकट्या मास्तरांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. केवढा समजूतदार माणूस, असं मला वाटायचं, आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचं बाकीचं सगळं ऐकून घ्यायची.

बाकीचं पुष्कळ होतं. मास्तर मूळचे गोव्याचे. लढाईच्या वर्षांत भिंगारच्या छावणीत साहेबांच्या क्लबात बँड होता, त्यात वाजवायला ते आले. लढाई संपली, पलटणी हलल्या, बँड मोडला. बाकीचे वाजवणारे मुंबईला गेले, मास्तर राहिले. का राहिलात म्हणून विचारलं तर सांगायचे, "हांगा, तुमच्या नगरात, हवा कोरडी. गिटारचं लाकूड फुगत नाही." माणसं पोटासाठी परगावी राहतात, बायकोसाठी राहतात. लाकडासाठी राहिलेला माणूस मी हा एकच पाहिला.

झेंडीगेटला एका मुसलमान व्यापाऱ्याच्या घराची रस्त्याकडची खोली आणि पुढची ओसरी त्यांनी भाड्यानं घेतली होती. व्यापारी वारले होते आणि कारभार त्यांच्या बायकोकडे होता. सगळी गल्ली तिला चाची म्हणायची. एकट्या पुरुषाला, त्यातून बाजा वाजवणाऱ्याला चाचीनं खोली देणं शक्यच नव्हतं. पण मास्तर खोली बघायला आले तेच मान खाली घालून. चाची बोलत होती तेव्हाही त्यांनी वर पाहिलं नाही आणि पडद्याआडून सुनेनं पाण्याचा पेला पुढं केला तेव्हाही नाही. चाचीनं त्याच दिवशी किल्ली दिली. पुढं ती ज्याला त्याला सांगायची, "नजर नीची रखता. ऐसा मरद आजकल मिलता नहीं." गल्लीतल्या पोक्त बायका आपापल्या नवऱ्यांना मास्तरांचा दाखला द्यायच्या.

खरं काय ते मला माहीत होतं. मास्तर पाय बघत होते. चाचीच्या उजव्या गुडघ्यात वात आहे, हे त्यांना तिच्या मुलांच्या आधी कळलं होतं.

माझ्याकडे गिटार आली ती आईमुळे. आई छावणीतल्या मडमांचे कपडे शिवायची. विलायतेला परत जाताना एका मडमेनं नको झालेलं सामान वाटून टाकलं, त्यात आईच्या वाट्याला गिटार आली. ती बरेच दिवस आमच्या घरात खुंटीवर लटकत होती. मला चर्चमधली पेटी थोडीफार वाजवता यायची, तेव्हा हेही येईल, असा वडिलांनी हिशेब केला आणि मला मास्तरांकडे धाडलं.

पहिले काही महिने मास्तरांनी मला तारेला हात लावू दिला नाही. नुसतं बसायला शिकवलं. हात नसलेली खुर्ची, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पाठ ताठ. गिटारीचं मोठं पोट उजव्या मांडीवर आणि तिची मान डाव्या खांद्याकडे वर उचललेली. उजवा दंड वरून टाकायचा आणि त्या दंडाच्या भारानंच ती धरायची. तशी बसले की मास्तर म्हणायचे, "डावा हात सोड." मी हात सोडायची आणि गिटार माझ्या सुती पातळावरून घसरत खाली यायची. शेवटी त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापून मांडीवर ठेवायला दिला. म्हणाले, "डावा हात वाजवण्यासाठी. हमाली मांडीनं करायची."

घरी मी तसा सराव करायला लागले तशी आई कावली. मुलीच्या जातीनं असे पाय रोवून बसतात का, म्हणाली. मी ते जसंच्या तसं मास्तरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "आईला विचार, दळायला बसते तेव्हा पाय रोवते की नाही?" आईनं ऐकून घेतलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

बसणं जमलं, मग नजर. बोटांकडे बघितलेलं त्यांना खपायचं नाही. "बोटं पळून जातात कुठं? पोळी लाटताना हाताकडे बघतेस?" भिंतीकडे बघितलं तर भिंतीला कान नाहीत म्हणायचे. डोळे मिटले तर, "झोप आली असेल तर घरी जा." सगळ्यात वाईट म्हणजे ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघणं. "तोंडाकडे बघितलंस की त्यांना आवडेल तसं वाजवशील. मग ते तुझं राहिलं कुठं?"

मग बघायचं तरी कुठं? मास्तर हनुवटीनं समोरच्या जमिनीकडे दाखवायचे. तिथं तो पाट होता.

पाट म्हणजे जेवायला बसायचा नव्हे. दोन माणसं ऐसपैस उभी राहतील एवढा मोठा, जाड सागवानी फळ्यांचा, खालून पोकळ. माझे वडील सुतार. मोडलेल्या एका मोठ्या दाराच्या फळ्यांमधून मास्तरांनी तो त्यांच्याकडूनच करून घेतला होता. खालून पोकळ कशासाठी, ते वडिलांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. खुर्चीच्या समोर ओसरीवर तो कायम मांडलेला असायचा. येणारेजाणारे विचारायचे, "काय मास्तर, कुणाला जेवायला बोलावलंय?" त्यावर पाय ठेवायचा नाही, पिशवी ठेवायची नाही, मांजर बसलं तरी मास्तर उठायचे. चाचीचा त्या पाटावर फार डोळा होता. सकाळचं ऊन नेमकं तिथंच पडायचं आणि पापड वाळत घालायला तेवढी सपाट जागा घरात दुसरी नव्हती. तिनं एकदा घातलेही. मास्तरांनी एकेक पापड उचलून परत तिच्या सुपात ठेवला आणि वर फडक्यानं पाट पुसून घेतला. त्यानंतर बरेच दिवस चाची त्यांच्याशी बोलत नव्हती.

पाट होता नाचणारीसाठी. तरुणपणी मास्तर एका बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली होते. स्पेनच्या कुठल्याशा बंदरात तापानं आजारी पडले, बोट त्यांना सोडून निघून गेली आणि ते काही वर्षं तिथंच राहिले. तिथल्या गुत्त्यांमध्ये बायका लाकडी फळ्यांवर टाचा आपटत नाचायच्या आणि कडेला बसून एकजण गिटार वाजवायचा. फ्लामेंको म्हणतात त्याला. मास्तर भांडी घासता घासता ते शिकले. "गिटारवाला पुढं नसतो, बाय. पुढं पाय. पाय काय म्हणतात ते ऐकायचं आणि त्यांच्या मागून जायचं. म्हणून पायांकडे पळय." पळय म्हणजे बघ. दिवसातून कितीदा तरी तो शब्द माझ्या कानावर पडायचा.

"आणि समोर पाय नसले तर?"

"तर पायांच्या जागेकडे पळय."

तिकडे कुणी होती का, असं मी एकदा धीर करून विचारलं. मास्तरांनी बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाले, "होत्या. एकीचा उजवा घोटा सुजायचा. एक जरा उशिरा टाच टाकायची, पण ते बरं वाटायचं." दिसायला कशा होत्या? "तोंडं नाही आठवत." बिचारे दुःख लपवताहेत, असं समजून मी विषय बदलला.

नगरला आल्यापासून त्यांच्यासमोर तसं कुणीही नाचलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ ते रिकाम्या पाटाकडे बघत वाजवायचे. बारा मात्रांचं एक चक्र असायचं आणि ते असं काही फिरायचं की रस्त्यातला टांगेवाला टांगा उभा करून ऐकायचा. या बारा मात्रांशी त्यांची भलतीच निष्ठा होती. एका नाताळात आमच्या चर्चच्या पेटीवाल्यानं त्यांना आठात बसवायचा प्रयत्न केला, तर हे गिटार उचलून घरी चालते झाले. वाजवणं संपलं की मी म्हणायची, "मास्तर, काय सुंदर वाजवलंत!" त्यावरचं उत्तर ठरलेलं होतं. "वाजवलं न्हय. सराव केला."

समोर पाय नसताना जे काही झालं तो सगळा त्यांच्या लेखी सराव. एकदा त्यांनी मलाच पाटावर उभं केलं. मी चार पावलं टाकली. "उतर," म्हणाले. मला वाईट वाटलं, पण त्यांना वाटलं नाही. त्यांची साठी उलटली होती, थंडीत बोटं आखडायला लागली होती. एकदा बोटं चोळता चोळता म्हणाले, "हे हात जायच्या आधी एकदा वाजवायला मिळालं पाहिजे, बाय. एकदाच." एवढी एकच इच्छा माणसाला असावी आणि ती नगरात पुरी होण्यासारखी नसावी, याचं मला फार वाटायचं.

तमाशातल्या बाया पायानं बोलतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. झालं. श्रीगोंद्याकडच्या एका जत्रेला मास्तर सर्व्हिस मोटारीनं गेले आणि कनातीत सगळ्यात पुढं जाऊन बसले. तिथं काय घडलं ते मला पुढं त्या फडाच्या ढोलकीवाल्यानंच सांगितलं. नाचणारी त्याची थोरली बहीण. लोक शिट्ट्या मारत होते, फेटे उडवत होते आणि कोटटाय घातलेला हा एक म्हातारा पुढं वाकून बाईच्या पावलांवर डोळे लावून बसला होता. बारी संपल्यावर तो कनातीमागं आला आणि बाईला म्हणाला, "तुझे पाय मला पाहिजेत. घरी येशील?"

"म्या हानायला हातच उचलला हुता," ढोलकीवाला म्हणाला. "तर ह्यो बाबा खालीच बगतोय! म्हनला, डावा पाय दुखतोय तिचा. उशिरा पडतोय. तू ढोलकी रोकून धरतोस म्हनून लोकास्नी कळंना. माझा हात तसाच ऱ्हायला बगा."

मोटारीतून उतरताना बहिणीचा पाय मुरगळला होता. ते फडमालकालासुद्धा सांगितलेलं नव्हतं, कारण कळलं असतं तर त्यानं तिच्या जागी दुसरी उभी केली असती. मास्तरांनी त्यांना झेंडीगेटचा पत्ता सांगितला आणि खूश होऊन घरी आले.

त्यांच्या आधी बातमी घरी आली होती. आमच्या चर्चमधले एक वडीलधारे गृहस्थ त्याच कनातीत होते. ते स्वतः तिथं काय करत होते, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मास्तर तमाशातल्या बाईच्या पायांकडे टक लावून बघत होते आणि वर तिला घरी यायचं आमंत्रण देऊन आले, एवढं मात्र गावभर झालं. मास्तरांची नजर खाली असते म्हणून ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, तेच आता नजर खाली असते म्हणून नाक मुरडायला लागले. शिकायला येणारी मुलं बंद झाली. शाळेत मला बोलावून चार शब्द सुनावले. चाचीला तर आपण फसवले गेलो असंच वाटलं. "घर में बहूबेटियां हय. महिना पूरा हुआ के कमरा खाली करो," तिनं पडद्याआडून निरोप धाडला, समोर आलीसुद्धा नाही.

मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांना घोर लागला तो वेगळाच. "ती आली आणि पाट इथं नसला तर?"

मला त्यांचा संताप आला. म्हटलं, "मास्तर, डोक्यावरचं छप्पर जातंय आणि तुम्ही पाट काय घेऊन बसलात?"

"छप्पर कुठं पण मिळतं गे. पाय मिळत नाहीत."

मी घरी येऊन हे सगळं वडिलांना सांगितलं. त्यांनी रंधा खाली ठेवला. म्हणाले, "पाट मी केलाय. जागा गेली तर आपल्या अंगणात आणून ठेवू. आणि तू शिकायला जायचं सोडू नकोस." वडील तसे कमी बोलायचे, त्या दिवशी ते पुष्कळच बोलले म्हणायचं.

महिना सरत आला. एका रविवारी दुपारी मी शिकायला बसले होते आणि पायरीवर वहाणा वाजल्या. मास्तरांचा हात तारांवर थांबला. बाई आली होती. चाळिशी गाठलेली, डोक्यावरून पदर, तोंडाला रंग ना काही. मागं भाऊ, खांद्यावर ढोलकी. समोरच्या घरांची दारं किलकिली झाली. चाची पडदा बाजूला सारून स्वतः उंबऱ्यात येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"मास्तर, वळखलं का?" बाई म्हणाली.

मास्तर तिच्या पायांकडे बघत होते. "ओळखलं. सूज उतरली नाही अजून."

"न्हाई उतरली. पर म्हनलं, ज्यानं एवढं बगितलं त्याचं वाजवनं तरी ऐकून येऊ." तिचं लक्ष पाटाकडे गेलं. "ह्यो कुनासाठी मांडलाय?"

"तुझ्यासाठी."

"मला तर तुमी आत्ता त्या जत्रंत बगितलं. पाट जुना दिसतोय की."

बाईनं वहाणा काढल्या, पाटाला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि पिशवीतून चाळ काढून पायांत बांधले.

सुरुवात काही धड झाली नाही. मास्तरांचं बाराचं चक्र, तिचं आणि ढोलकीचं आठाचं. दोघं एकमेकांच्या पायात पाय घालत होते. ती थांबली. "मास्तर, तुमचं संपतच न्हाई. आमी ठेसनात उतारतो आन् तुमची गाडी चाललीच फुडं."

भाऊ म्हणाला, "त्येंचं चार जास्ती हायेत, आक्का."

आता मास्तर गिटार उचलून उठणार, अशी माझी खात्री होती. नाताळात मी ते पाहिलं होतं. पण त्यांनी गिटार मांडीवर नीट घेतली, दंड टाकला, डावा हात एकदा सोडून पाहिला आणि म्हणाले, "तू नुसती चाल. तुझ्या पायाला येईल तशी. माझं राहू दे."

जन्मभर सांभाळलेले बारा त्यांनी सोडून दिले, आणि तेही हसत.

ती चालली. उजवा पाय, मग क्षणभर थांबून दुखरा डावा. त्या थांबण्यात मास्तर बोटांच्या नखांनी सगळ्या तारा झरझर उलगडायचे आणि डावा टेकला की गप्प व्हायचे. दोनतीन फेऱ्यांनी ते तिच्या लक्षात आलं. मग ती डावा पाय मुद्दामच अधांतरी धरायला लागली, आज गिटार किती वाट बघते ते पाहू म्हणून. गिटार वाट बघत राहिली. ती हसली, पाय टेकला, आणि ढोलकी आत शिरली. पाट खालून घुमायला लागला. तो पोकळ कशासाठी होता ते मला त्या दुपारी कळलं.

मध्येच माझं लक्ष चाचीकडे गेलं. चाची बाईकडे बघतच नव्हती. ती मास्तरांची नजर बघत होती. बाईचा पदर ढळला, तिनं नाचता नाचता तो खोचला, गिरकी घेतली, पण मास्तरांची नजर तिच्या पावलांवरून हलली नाही. चाचीनं कमरेवरचे हात काढले. मग भिंतीला धरून ती उंबऱ्यावरच बसली आणि दुखरा गुडघा पुढं लांब केला.

थांबले तेव्हा बाई घामानं निथळत होती. पाटाच्या कडेवरच बसली आणि म्हणाली, "इतकी वर्सं नाचतीया, मास्तर. मानसं तोंड बगत्यात, आनि काय काय बगत्यात. पर पायाकडं बगनारा ह्या भावाबिगर कुनी न्हवता."

चाची उठून आत गेली. पाण्याचा तांब्या आणून तिनं स्वतःच्या हातानं बाईला दिला. मग मास्तरांकडे वळून म्हणाली, "नजर तो वहीच हय तुम्हारी. पहले दिनवाली. मैंच अंधी." खोली सोडण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मी सवयीनं म्हणायला गेले, "मास्तर, काय सुंदर..."

"आज वाजवलं, बाय," ते म्हणाले. खालीच बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गिटारीवर पडत होतं. गिटारीवर पाण्याचा थेंब पडू न देणारा माणूस, पण त्यांनी ते पुसलं नाही. मलाही रडू आलं.

फडाचा पुढचा मुक्काम कर्जतकडे होता. भाऊ-बहीण संध्याकाळच्या मोटारीनं गेली आणि पुन्हा कधी आली नाहीत. मास्तरांनीही वाट पाहिली नाही.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा पाटावर चाचीचे पापड वाळत होते. या कडेपासून त्या कडेपर्यंत, ओळीनं. मास्तर खुर्चीत बसून हातातल्या वर्तमानपत्रानं कावळे हाकलत होते. मी पायरी चढले, समोर बसले, मांडीवर ट्यूबचा तुकडा ठेवला. आता बघायचं कुठं, पापडांकडे का, असं विचारणार होते. तेवढ्यात मास्तरांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिले. मग अगदी काळजीच्या सुरात म्हणाले,

"अगो बाय, तुला चष्मा कधी लागला?"